मशीन बंद आहे म्हणजे नेमके काय?



मागील अंकी आपण इस्त्रीची दुरुस्ती पाहिली. इस्त्रीत एक वायर, एक कॉइल आणि एक थर्मोस्टॅट. बिघडायला फारसे काही नसते. या वेळी कपडे धुण्याचे मशीन घेतले आहे, आणि तेही दोन टबांचे, म्हणजे सेमी ऑटोमॅटिक. एका टबात धुवायचे आणि दुसऱ्यात पिळायचे. या दुसऱ्या टबाला आपण सगळे ड्रायर म्हणतो, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरणार आहोत. फुल ऑटोमॅटिक मशीनविषयी पुढे चार ओळी आहेत.

मशीन बिघडले की मेस्त्रीला फोन जातो. फोन करणारा बहुधा घरातला पुरुष असतो. तो सांगतो, "मशीन बंद आहे, येऊन जा." जी बाई ते मशीन रोज चालवते तिला काय दिसले, काय ऐकू आले, कसला वास आला, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. तो प्रसंग आधी सांगतो, मग दुरुस्तीकडे येऊ.

सन २०११ ची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंच्या घरी, कल्याणला, पत्र्याच्या अंगाचे एक जुने मशीन होते, सेकंड हॅन्ड घेतलेले. वहिनी एके दिवशी आम्हाला म्हणाल्या, "भावजी, नुसते धुताना काही होत नाही, पण ड्रायर चालू असला आणि कडेला ओला हात लागला की मुंग्या येतात." आम्ही मोठ्या शहाणपणाने सांगितले, "पायात रबरी चप्पल घालून धुवा." त्यांनी चप्पल घातली, मुंग्या कमी झाल्या आणि विषय संपला. ड्रायरखाली रोज पाणी साचते, हेही त्यांनी महिनाभर आधी सांगितले होते. त्यावर बंधू म्हणाले होते, "जुने मशीन आहे, थोडेफार गळणारच."

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी चप्पल न्हाणीबाहेर राहिली. ड्रायर चालू होता, वहिनी दुसरा घाणा टाकण्यासाठी वाकल्या आणि त्यांचा हात पत्र्याच्या कडेला जो आवळला गेला तो सुटेना. ओरडताही येईना. पुतणी त्या वेळी नववीत होती. तिने आईला हात लावला नाही. धावत जाऊन तिने मेन स्विच पाडला. वहिनी मटकन खाली बसल्या. जीव वाचला, पण हाताचा बधिरपणा दोन दिवस गेला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून मशीन आडवे केले तेव्हा सगळा उलगडा झाला. ड्रायरच्या टबाच्या तळातून मोटरचा दांडा वर येतो. तिथे पाणी खाली जाऊ नये म्हणून एक रबरी सील असते. ते चिरले होते. साबणाचे पाणी महिनाभर थेंबथेंब ड्रायरच्या मोटरवर पडत होते. मोटरच्या तारांवरचे आवरण ओलसर झाले आणि वीज अंगाच्या पत्र्यात उतरू लागली. अशा वेळी वाचवणारी तार म्हणजे अर्थिंगची हिरवी तार. प्लग उघडला तर ती आत कापून टेपने गुंडाळून ठेवलेली! दोन वर्षांपूर्वी जुना प्लग वितळला होता. तो ज्याने बदलला त्याने दोनच तारा जोडल्या होत्या. मशीन चालू झाले, पैसे दिले, आत कोणी पाहिले नाही.

वहिनींच्या त्या दोन वाक्यांत सगळे निदान होते. "धुताना नाही, ड्रायर चालू असताना" म्हणजे दोष ड्रायरच्या मोटरकडे. "ड्रायरखाली पाणी" म्हणजे सील गेले. वायरमनने अर्धा तास घालवून जे शोधले ते वहिनींनी आधीच सांगून ठेवले होते.

म्हणून पहिली गोष्ट हीच लिहितो. मशीनला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते मशीन त्या क्षणापासून बंद. चप्पल घालून नाही, लाकडी पाटावर उभे राहून नाही, "एवढा एक घाणा होऊ द्या" असेही नाही. टेस्टर लावून लाल दिवा पेटतो का हे पाहणारे लोक आहेत. पण टेस्टर अगदी थोड्या गळतीनेही पेटतो आणि धोका किती हे त्यावरून कळत नाही. तो पेटला याचा एक अर्थ मात्र बहुतेक वेळा खरा असतो, की अर्थिंग लागत नाही. प्लगमध्ये हिरवी तार मोठ्या पिनेला जोडलेली आहे का, आणि भिंतीतल्या सॉकेटच्या मोठ्या भोकामागे खरोखर अर्थिंगची तार आली आहे का, या दोन्ही गोष्टी वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या चाळींत तीन भोकांचे सॉकेट असते आणि मागे तारा दोनच असतात, हे आम्ही अनेक घरी पाहिले आहे.

यावर काही जण एक सोपा उपाय करतात. सॉकेटमध्येच अर्थिंगचे भोक न्यूट्रलला जोडून देतात. हे कधीही करू देऊ नका. कधी वाटेत न्यूट्रल तुटला तर मशीनचे सगळे अंग जिवंत होते, आणि तेही मशीन बिघडलेले नसताना. नळाच्या पाइपला अर्थिंग बांधणेही तसेच. आता निम्मे पाइप प्लास्टिकचे आहेत, आणि लोखंडी असले तर शॉक शेजारच्या नळावर जातो. शक्य असेल तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो क्षणात लाइन पाडतो. आमच्या घरी तो त्या प्रसंगानंतर आला. आधी यायला हवा होता.

आणखी एक. मशीन उघडताना नुसते बटन बंद करून भागत नाही, प्लग उपसून बाजूला ठेवायचा. जुन्या वायरिंगमध्ये पुष्कळदा बटन चुकून न्यूट्रलवर बसवलेले असते. मग बटन बंद असले तरी आत वीज हजर असते.

आता बिघाडाकडे येऊ. आमची पद्धत सरळ आहे. आधी कानाने ऐकायचे, पाना नंतर हातात घ्यायचा.

टायमर फिरवला आणि काहीच आवाज नाही. मग आधी त्याच सॉकेटमध्ये इस्त्री किंवा दिवा लावून पाहा. हसू नका, प्लग सैल असताना मशीन रिक्षात घालून दुकानात नेणारे गृहस्थ आम्हाला माहीत आहेत. वीज येत असेल तर धुण्याचा टायमर आणि ड्रायरचा टायमर वेगवेगळे लावून पाहा. दोन्ही बाजूंना वेगळी मोटर आणि वेगळा टायमर असतो. एक बाजू चालते आणि दुसरी नाही, एवढे कळले तरी अर्धे काम झाले, कारण मुख्य वायर आणि प्लग निर्दोष ठरले. दोन्ही बाजू मुक्या असतील तर वायर पाहायची. इथे उंदीर फार काम करतो. कितीतरी मशीनांचा तळ उघडा असतो, आत उबदार जागा असते आणि वायरचे आवरण त्याला कुरतडायला आवडते. मशीनखाली बारीक जाळी बसवणे हा स्वस्तातला उपाय आहे.

फक्त ड्रायर मुका असेल तर आधी झाकण पाहा. झाकण बंद केले की त्याचा एक दाता आतला स्विच दाबतो, तेव्हाच ड्रायर फिरतो. दाता तुटला, झाकण वाकले, किंवा स्विचमध्ये साबण साचला, की ड्रायर बंद. हा बिघाड अगदी किरकोळ आहे. पण काही मेस्त्री स्विच बदलण्याऐवजी दोन तारा जोडून "डायरेक्ट" करून देतात. आम्हाला याचा फार राग आहे. ड्रायर मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे घेतो. झाकण उघडताच वीज तुटावी आणि ब्रेक लागून टब थांबावा अशी ती योजना आहे. डायरेक्ट केलेल्या ड्रायरमध्ये झाकण उघडे असतानाही टब फिरत राहतो, आणि लहान मुलाला त्यात फिरणारा कपडा दिसतो. ओला कपडा बोटाला गुंडाळला गेला तर काय होईल ते लिहायची गरज नाही. मेस्त्रीने असे केले असेल तर त्याला परत बोलावून स्विच बसवून घ्या.

दुसरा प्रकार असा की घूंऽऽ असा आवाज येतो आणि फिरत काही नाही. अशा वेळी ताबडतोब टायमर शून्यावर आणा आणि प्लग काढा. थांबलेल्या मोटरमधून वीज वाहत राहिली तर ती तापून खरेच जळते. मग टबातले पाणी सोडून तळाची चकती हाताने फिरवून पाहा. चकती अडकत असेल तर तिच्याखाली काहीतरी आहे. मधला स्क्रू काढून ती सरळ वर उचलायची. आम्हाला आतापर्यंत खाली सापडलेल्या वस्तू म्हणजे रुपयाची नाणी, केसांचे आकडे, पोरांच्या शाळेच्या शर्टाची बटणे आणि एकदा पायातले जोडवे. काढून, चकतीची मागची बाजू घासून पुन्हा बसवा.

चकती हाताने मोकळी फिरते, पण विजेवर फक्त घूं करते, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. पंख्याला असतो तसाच हा असतो; मोटरला फिरण्याची पहिली दिशा आणि जोर तो देतो. तो अशक्त झाला की मोटर जागेवर थरथरते. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाला "मोटर जळाली, दोन हजार होतील" असे सांगण्यात आले होते. त्यांच्या मजल्यावरच्या आयटीआय झालेल्या मुलाने कंडेन्सर बदलला, दीडशे रुपयांच्या आत काम झाले. मात्र जळालेली मोटर वासाने कळते. जळकट उग्र वास येत असेल तर कंडेन्सर बदलून फार आशा धरू नये.

कंडेन्सरबाबत दोन सूचना. त्याच्यावर किती मायक्रोफॅरॅड आणि किती व्होल्ट हे छापलेले असते. नवा त्याच आकड्यांचा घ्यायचा. धुण्याच्या मोटरचा मोठा, ड्रायरच्या मोटरचा लहान असतो, त्यांची अदलाबदल करू नये. "मोठा लावला तर जोर वाढेल" असे दुकानदार सांगतो, पण वाढते ती उष्णता. दुसरे म्हणजे प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. त्याच्या टोकांना बोट लावू नका. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची हौसही नको. ज्याला हे काम येते त्यालाच करू द्या.

मोटरचा आवाज नेहमीसारखा, पण कपडे टाकले की चकती मंदावते, असेही होते. हा बेल्टचा दोष. रबराचा पट्टा ताणून सैल होतो किंवा त्याला चिरा पडतात. पट्ट्यावर नंबर छापलेला असतो, जुना पट्टा घेऊनच दुकानात जा. पट्टा नीट असेल तर चकतीच्या मधल्या भोकाचे दाते झिजलेले असतात. रिकामी चकती फिरते, ओझे आले की दांडा आतल्या आत घसरतो. आणि चकती एकाच दिशेने फिरते, उलट फिरतच नाही, तर टायमरमधले संपर्कबिंदू झिजले असे समजावे.

पाण्याच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात आणि त्यात मशीनचा दोष सर्वांत कमी असतो. सेमी ऑटोमॅटिक मशीनमधून पाणी उताराने जाते. पाइप जमिनीवर सपाट पडलेला हवा. आपल्याकडे मशीन खोलीत आणि मोरीला वीतभर उंच कठडा. पाइप त्या कठड्यावरून नेला की टबातले पाणी तळाशी तसेच राहते. एका ताईंनी वर्षभर उरलेले पाणी तांब्याने उपसले. आम्ही मशीनखाली चौरंगासारखा लोखंडी स्टॅन्ड ठेवायला सांगितले, काम झाले. उतार ठीक असेल तर पाइपात किंवा पाणी सोडण्याच्या रबरी बुचाशी दोरे आणि केस अडकलेले असतात.

याच्या उलट तक्रार म्हणजे बटन धुण्यावर आहे तरी पाणी हळूहळू निघून जाते. तेच रबरी बूच पुरते बसत नाही. एखादा साडीचा दोरा तिथे अडकला तरी पुरे. बूच काढून स्वच्छ धुवावे, आतली स्प्रिंग गंजली असेल तर बदलावी, आणि बटनाकडून बुचाकडे जाणारी पट्टी ताणून राहिली नाही ना ते पाहावे. धुण्याचे पाणी ड्रायरच्या टबात चढत असेल तर समजा की बाहेरचा पाइप तुंबला आहे. दोन्ही टबांना जायला तो एकच रस्ता असतो.

ड्रायर धडधडतो, मशीन नाचत नाचत न्हाणीच्या दारापर्यंत येते, यात बहुतेक वेळा कपडे एका बाजूला भरलेले असतात. जड चादर एकटी टाकू नये. कपडे गोलाकार दाबून वर जाळीची चकती ठेवा. तरीही धडधड असेल तर मोटर ज्या स्प्रिंगांवर आणि रबरांवर उभी असते त्यातले एखादे तुटले आहे. ड्रायर नेहमीपेक्षा हळू फिरतो आणि जळके रबर वासाला येते, तर ब्रेक पूर्ण सुटत नाही. झाकणाकडून ब्रेककडे जाणारी तार पुन्हा बेताची ताणून घ्यावी लागते. आणि ड्रायरखाली पाणी दिसले, तर ते का टाळायचे नाही हे वर सांगितलेच आहे. सील स्वस्त असते. मोटर स्वस्त नसते.

फुल ऑटोमॅटिक मशीनमध्ये घरी पाहण्यासारखे तीन ठिकाण आहेत. पाणी भरत नसेल तर नळाच्या पाइपाच्या टोकाशी असलेली बारीक जाळी काढून पाहा, टाकीची रेती तिथे बसते. समोरून उघडणाऱ्या मशीनमधून पाणी जात नसेल तर खाली कोपऱ्यात फिरकीचे झाकण असते, त्यामागची गाळणी साफ करा. उघडण्यापूर्वी खाली पसरट भांडे ठेवा आणि मशीनमधले पाणी गरम नाही याची खात्री करा. बोअरवेलच्या जड पाण्याने आत पांढरा थर बसतो. कंपनीने सांगितलेली पावडर अधूनमधून रिकाम्या मशीनमध्ये चालवावी. त्यापुढे सर्किट बोर्ड लागतो, तिथे आपण हात घालू नये. पडद्यावर जे अक्षर-आकडे दिसतात ते मात्र बंद करण्यापूर्वी कागदावर उतरवून घ्या.

मेस्त्री येण्यापूर्वी अशीच एक चिठ्ठी सेमी ऑटोमॅटिकसाठीही करावी, आणि ती मशीन चालवणाऱ्या बाईनेच लिहावी किंवा सांगून लिहून घ्यावी. कोणती बाजू बंद आहे, आवाज येतो का, कसला वास येतो, पाणी कुठे दिसते, मुंग्या येतात का, कधीपासून. मेस्त्री "मोटर गेली" म्हणाला तर कंडेन्सर बदलून पाहिला का, हे नम्रपणे विचारा. जुना सुटा भाग परत मागून घ्या, तो आपला आहे. पावतीवर कोणता भाग बदलला ते लिहून घ्या.

वॉरंटीतले मशीन असेल आणि कंपनीची माणसे टोलवाटोलवी करत असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" हे संकेतस्थळही सुरू केले. सहभागी कंपन्यांची सेवा केंद्रे, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी, हा त्याचा उद्देश. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना ते उघडून दाखवायला सांगा. तेवढ्याने काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पावती लागते, म्हणून तिचा आग्रह धरला.

कल्याणच्या त्या मशीनचे काय झाले, असे कोणी विचारील. सील बदलले, ड्रायरची मोटर वाळवून वायरमनने मेगर लावून तपासली. ती उतरली नाही, म्हणून दुसरी बसवली. प्लगही नवा लावला. तो लावताना वहिनी शेजारी उभ्या होत्या आणि हिरवी तार मोठ्या पिनेत घट्ट बसलेली त्यांनी स्वतः ओढून पाहिली. २०१८ पर्यंत ते मशीन चालले. बंधूंनी आता नवे घेतले आहे, पण मेस्त्रीला फोन वहिनीच करतात.

पुढील अंकी मिक्सर घेऊ. "भांडे गळते" आणि "कपलर सारखा तुटतो" अशी पत्रे बरीच जमली आहेत.